गोळीचा जोर आहे तोवर

बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाईंच्या घशात कर्करोगाची गाठ निघाली. त्यांना मरणापेक्षाही त्या जाळीच्या मुखवट्याची धडकी भरली होती. किरण देताना मान हलू नये म्हणून तो चेहऱ्यावर घट्ट बसवून टेबलाला अडकवायचे. आवंढा गिळायचीही चोरी.

त्यात डॉक्टरीणबाईंनी एक नवी गोळी सुरू केली.

"किरण गाठीच्या पेशी मोडतात, पण त्यांच्यातलं एक एन्झाइम ती मोडतोड लगेच सांधायला बसतं. ही गोळी त्याला अडवते. जोर मात्र काही तासच टिकतो."

"आणि चांगल्या पेशींचं काय?"

"त्यांनाही थोडा त्रास होणार. घसा सोलवटेल. म्हणून तर सारखी तपासणी."

 तरी बाईंनी गोळी गिळली.

मुखवटा चढला, सगळे बाहेर गेले, जड दार लागलं. यंत्र फिरू लागलं आणि मध्येच बंद पडलं. तंत्रज्ञाने धावत येऊन मुखवटा काढला, तेव्हा बाई घामाने निथळत होत्या.

"अगं, घरी जाऊ. उद्या बघू," बाहेर नवरा म्हणाला.

बाईंना तेच हवं होतं. त्या चपला शोधू लागल्या. तेवढ्यात तंत्रज्ञ आला. "यंत्र सुरू झालंय. पण जबरदस्ती नाही."

बाई थबकल्या. "अहो, गोळी पोटात गेलीय. आता गेले तर ती फुकट जाईल, आणि उद्या माझी हिंमत होईल की नाही, कोण जाणे."

त्या परत आडव्या झाल्या. मुखवटा बसला.  हात वर करून थांबवायला सांगणार, तोच भिंतीतल्या स्पीकरमधून, बाहेर तंत्रज्ञाच्या माइकवर बोलणाऱ्या नवऱ्याचा आवाज आला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट तीनवर... अं, चारवर... अहो, जिथे असेल तिथे गाडी लागत आहे!"

बाईंना हसू फुटलं, पण जबडा हलेना. पाणी डोळ्यांतून कानात गेलं. भीती जागची हलली नाही. फक्त त्यांनी हात वर केला नाही.

पुढे घसा इतका पोळला की पाणीही टोचायचं. गाठ विरली, आवाज मात्र घोगरा झाला. डॉक्टरीणबाई खूश होत्या. बाई मात्र अजूनही तपासणीच्या आदल्या दिवशी भीतीने जेवत नाहीत, आणि नवरा आग्रह करत नाही.