खिडकीजवळचं मशीन

रुक्मिणीमावशी जानकीच्या घाटकोपरच्या खोलीत पहिल्यांदा आली ती गॅलरीत वाळत टाकलेली गोधडी चाचपत. खालच्या मजल्यावर भाच्याकडे नुकतीच राहायला आलेली, पन्नाशीची बाई.

"मशीनवर शिवलीस? पण टाके सगळे सरळच! वेलबुट्टी काढायला शिकवते तुला. मशीन खिडकीशीच आहे ना?"

हिला कसं कळलं? जानकीच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

दुसऱ्या दुपारी मावशीने मशीनचा, सुईखाली कापड दाबून धरणारा पाय काढला. कापड पुढे ढकलणाऱ्या दातांवर भोक पाडलेलं पोस्टकार्ड चिकटवलं. "आता मशीन कापड ओढणार नाही. तू फिरवशील तसं फिरेल." जाताना पाय रुमालात बांधून कनवटीला लावला. "हाताशी राहिला तर परत लावशील."

जानकीचा नवरा बाळा गिरणीतली नोकरी सुटल्यापासून गोदामात कामाला होता. तो म्हणाला, "सुटे भाग विकणारी असेल. मागच्या चाळीत घरं फुटली, विसरलीस?"

जानकीने बांगड्या तांदळाच्या डब्यात खुपसल्या. पण शिकणं सोडवेना. हात झटकला की सुई मोडायची, हात रेंगाळला की टाक्यांचा गठ्ठा व्हायचा. "पाय पळू दे, हात सावकाश," मावशी म्हणायची. हळूहळू जुन्या लुगड्यावर लाटा उमटू लागल्या.

मावशीचं लक्ष मात्र कापडावर नसायचंच. ते समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. एक दिवस तिने सहज विचारल्यासारखं केलं, "त्या घरातला माणूस कामाला कधी जातो गं?"

कटकन सुई मोडली.

"मावशी, खरं सांगा. त्या घरावर का डोळा आहे तुमचा?"

मावशीने मोडलेल्या सुईचा तुकडा उचलून बाजूला ठेवला. "माझी नीला राहते तिथे. परजातीत लग्न केलं म्हणून बापाने तिला घराबाहेर काढलं, मी तोंड उघडलं नाही. आता तो गेला. मी दारात गेले, तर तिने दार लावून घेतलं. बाळ झालंय म्हणतात. तुझ्या खिडकीतून तरी दिसेल..."

"म्हणजे शिकवणं सगळं नाटक?"

"टाके खोटे आहेत का?"

जानकीचा विश्वास बसला नाही. सकाळी विरजण मागायच्या निमित्ताने ती समोर गेली. दार उघडणाऱ्या पोरीचं कपाळ मावशीसारखंच रुंद, खांद्यावर तान्हं मूल. जानकी बोलून गेली, "तुझ्या आईकडे मी गोधडी शिकते, त्या समोरच्या खिडकीत."

नीलाचा चेहरा ताठरला. "तिनेच पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही गं बाई! मी तर तिला चोर समजून चौकशीला आले."

नीलाला हसू फुटलं. लगेच तिने ते गिळलं, विरजणाची वाटी जानकीच्या हातात ठेवली आणि दार लावलं.

दुपारी जानकीने मावशीला सगळं सांगितलं.

"हसली? मला बरं वाटावं म्हणून सांगतेस तू."

"देवाशपथ, हसली."

मावशीला ते पटत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली. ऊन उतरताना समोरच्या गॅलरीत नीला बाळाला घेऊन आली. इकडे बघितलं नाही, पण स्टूल ओढून बसली आणि बाळाचं टोपडं काढलं. मावशी ताडकन उठली. जानकीने तिचा पदर धरला.

"हाक नका मारू मावशी. बसू दे तिला."

मावशी खिडकीचा गज धरून उभी राहिली. नीला आत गेली नाही.