चिमीच्या पावलांची दुसरी प्रत

'अपडेट करा,' असं मी तिला एकवीस वेळा सांगितलं. एकवीस वेळा तिने 'नंतर' दाबलं. टेबलाच्या कोपऱ्यांना कापूस बांधणारी, बाळाचं दूध दोनदा मनगटावर टाकून बघणारी बाई ती. माझ्याच बाबतीत तेवढी बिनधास्त!

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. तिचा कॉलेजचा प्रबंध माझ्यावरच टाइप झाला. माझी चार बटणं तेव्हापासून पुसट आहेत. पुढे तिला मुलगी झाली, चिमी, दोन महिने आधीच. तिच्या पायांत जोर कमी होता. दर रविवारी आई तिच्या व्यायामाचा व्हिडिओ काढून माझ्यात ठेवायची. ते अकरा महिन्यांचे व्हिडिओ बघून डॉक्टरीणबाई पुढचे उपचार ठरवणार होत्या.

एका दुपारी 'बाळाच्या वाढीचा तक्ता, अगदी मोफत' अशा अनोळखी मेलमधली फाइल तिने उघडली. तक्ता आलाच नाही, घातक प्रोग्रॅम आला. मी अपडेट नव्हतो, त्यामुळे त्याला वाट मोकळीच मिळाली. बघता बघता त्याने सगळे व्हिडिओ कुलूपबंद केले आणि माझ्याच पडद्यावर खंडणी मागितली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला तर शरमेने घास उतरेना. दोन दिवस तिने कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी नणंद आली. "वहिनी, तोंड का उतरलंय? दादा काही बोलला का?"

"नाही हो ताई, माझंच डोकं फिरलं होतं." आणि सगळं भडाभडा बाहेर आलं.

"अगं वेडाबाई, गेल्या महिन्यात तू चिमीला अंघोळ घालत होतीस ना, तेव्हा सगळे व्हिडिओ माझ्या हार्ड डिस्कवर घेतले मी! आत्या आहे मी तिची, मला नकोत?"

"आणा ना, आत्ताच लावू!"

"थांब! यात लावलीस तर तेही जातील. आधी याला धुऊनपुसून घेऊ."

दुरुस्तीवाल्याने मला पार कोरा करून नव्याने उभं केलं. खंडणी कुणी भरली नाही. शेवटचे तीन रविवार गेले ते गेलेच. बाकी सगळे परत आले. ते बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टाच टेकायला लागलीय की हो!"

आता माझं अपडेट वेळेवर होतं. अनोळखी फाइल कुणी उघडत नाही, आणि प्रत घेतली की डिस्क काढून वेगळी ठेवतात. पण त्या दोन दिवसांतलं तिचं गप्प राहणं मला विसरता येत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी पडद्यासमोर असं गप्प बसलेलं असेल. आज त्यांच्याजवळ जा आणि न हसता विचारा, "काय झालं?"