पुडी माझी होती

माजोला सकाळी नऊपासून पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होती. अकरा वाजून गेले तरी तिला कुणी काय, कसं म्हणून विचारलं नव्हतं. त्यांचं तरी काय चुकलं? ठेवणीतली घोंगडी पांघरलेली, डोक्याचं फडकं कपाळापर्यंत आवळलेलं अशी म्हातारी आली की समजायचं, शेळी चोरीला गेलीय, नाहीतर सुनेशी वाजलंय. गुन्हा कबूल करायला का कुणी म्हातारी दोन टॅक्स्या बदलून येते?

ही त्यासाठीच आली होती.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. ईस्टरच्या आदल्या दिवशी चोरीची गुरं शोधत पोलीस मखाम्बेनी गावात शिरले आणि गुरं राहिली बाजूला, माजोलाच्या झोपडीत मक्याच्या मडक्यामागे त्यांना गांजाची पुडी सापडली. आता दक्षिण आफ्रिकेतल्या पोंडोलँडात गांजा सापडणं म्हणजे काय मोठा पराक्रम? कुठल्याही घरात हात घाला. माजोलाची आई तो उकळून प्यायची, आजी प्यायची, आणि तिचे स्वतःचे गुडघे सुजले की तीही प्यायची. पण सार्जंटने पुडी वर धरली आणि विचारलं, "कुणाचं हे?" ती तोंड उघडणार तोच फेझिले पुढे झाला.

"माझं," तो म्हणाला. एकवीस वर्षांचा पोर, मास्तरकीचं शिकायला उम्टाटाला होता, सुट्टीला घरी आलेला. जाता जाता हळूच म्हणाला, "गप्प राहा आई. तुझे गुडघे कोठडीतल्या फरशीवर टिकायचे नाहीत."

एवढं झालं असतं तरी निभावलं असतं. खरा घात पुढे झाला, आणि तो तिनेच केला.

ठाण्यात सार्जंटने कागद पुढे सरकवला. "मान्य आहे म्हणून सही कर, दंड भर आणि घरी जा. नाहीतर सुट्टी संपेपर्यंत आत बस. मंगळवारी मॅजिस्ट्रेट येतील."

"बसतो," फेझिले म्हणाला. "मॅजिस्ट्रेटशीच बोलतो. सही केली की पुढे काय होतं, ते आधी वाचू दे मला."

"अरे कर ना बाबा सही!" माजोला कळवळून म्हणाली. "मान्य केलं की मिटलं. वाकलेल्याला कोण मारतो? चार दिवस चोरट्यांत झोपणार का तू?"

तिचं तरी काय चुकलं? मान्य करणं म्हणजे काय, ते तिने जन्मभर मुखियाच्या अंगणात पाहिलं होतं. चुकलेल्याने खाली मान घालून चूक कबूल करायची, बकरं कापायचं, दोघांनी एका मडक्यातून बिअर प्यायची, एका घमेल्यात हात धुवायचे. त्यानंतर कुणी ती गोष्ट काढलीच, तर काढणाऱ्यालाच बकऱ्याचा दंड बसायचा. विषय कायमचा संपला. पण सरकारचा कागद बिअर पीत नाही आणि हात धूत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तिच्या लेकाला चढायची होती आणि तिने त्याला मागे ओढलं.

त्याने सही केली.

फेझिले मास्तर झाला, तोही वर्गात पहिला येऊन. पण शाळेत लागायचं तर पोलिसांचा दाखला लागतो. दाखल्यावर एकच ओळ यायची: अमली पदार्थ बाळगले, दोषी. पहिल्या शाळेने तो दाखला परत पाठवला, दुसरीनेही. तिसरीत त्याने सगळं खरं सांगितलं, तर तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी डोळ्यांत पाणी आणून परत पाठवला. तो कुणाच्या मेंढ्या भादरायचा, कुणाच्या भिंती लिंपायचा आणि संध्याकाळी अंगणात पोरांची गणितं घ्यायचा. लग्नाचं नाव काढलं की हसायचा.

मग देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने सांगितलं की घरात कुणी स्वतःपुरता गांजा ओढला तर तो गुन्हा नाही. गावात त्या दिवशी काय ती मजा! शेजारचा म्हातारा म्कोको आपल्या भिंतीवर पाइप घेऊन बसला तो आजतागायत बसलाय. पोलिसांची गाडी गेली की हात करतो, आणि पोलीसही त्याला हात करतात. माजोला तेव्हा ढसाढसा रडली होती. तिला वाटलं, आता सुटला पोर.

कसला सुटतोय! यंदा गावच्याच शाळेत जागा निघाली. मुख्याध्यापकांना फेझिलेच हवा होता. "शुक्रवारपर्यंत जागा धरून ठेवतो, दाखला स्वच्छ करून आण," ते म्हणाले. फेझिले कचेरीत गेला. कारकुनाने सांगितलं, गांजाच्या जुन्या गुन्ह्यांतली नावं पुसायचा कायदा झालाय, त्यावर सहीसुद्धा झालीय, फक्त तो लागू व्हायचाय. कधी होणार? ते प्रिटोरियातल्या सरकारला माहीत. मधल्या काळात अर्ज करा, महिने लागतील.

तेव्हा तिच्या डोक्यात आलं. पुडी माझी होती. तसं लिहून दिलं की पोराचं नाव आपोआप खोडलं जाईल. इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही, म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला. गुरुवारी दवाखान्यात जाते सांगून निघाली, ती इथे.

शेवटी एका तरुण पोलीस मुलीने तिला टेबलाशी बोलावलं. आकोना नाव होतं तिचं, मोठी गोड होती.

"बोला आजी."

"लिहून घे पोरी. बारा वर्षांपूर्वी ईस्टरला मखाम्बेनीत गांजा सापडला, तो माझा होता. माझ्या मुलाने खोटंच अंगावर घेतलं. मला आत टाका. कपडे आणलेत मी."

आकोनाने लेखणी खाली ठेवली. "आजी, घरातला गांजा आता गुन्हा नाही. मी तुम्हाला कशी पकडू?"

"मग त्याचं नाव खोड."

"ते तेव्हाचं आहे. तेव्हा गुन्हा होता."

"मग मलाही तेव्हाची म्हणून पकड!"

"तेव्हाचं आता पकडता येत नाही, आजी."

"म्हणजे मी केलं तो गुन्हा नाही, आणि त्याने केलंच नाही तो गुन्हा?"

आकोना उठली. तिने पाणी आणून दिलं, दारापर्यंत हात धरून नेलं. आणि दारात, आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून विचारलं, "माझ्या आईचेही गुडघे फार दुखतात हो. किती वेळ उकळायचा तो?"

माजोलाने सांगितलं. दुधात, मंद आचेवर, अर्धं होईपर्यंत. आईला सांभाळ म्हणाली. एका पोलिसाला गांजाचा काढा शिकवून ती टॅक्सीत बसली.

फेझिले अंगणातच होता. दोरीवर त्याचा इस्त्रीचा पांढरा शर्ट सोमवारपासून टांगलेला.

"मुख्याध्यापक येऊन गेले," तो म्हणाला. "वरून दट्ट्या आला म्हणे. बिझाना गावची कुणी मुलगी घेतली. दवाखान्यात काय म्हणाले?"

"मी ठाण्यात गेले होते. पुडी माझी होती म्हणून सांगितलं. ते म्हणाले, गुन्हाच नाही."

तो हसला. हसता हसता खाली बसला, आणि मग त्याचं हसणं थांबलं.

"फेझिले, खरं सांग. मी आग्रह केला नसता तर सही केली असतीस?"

"नसती केली," तो म्हणाला.

आज बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने ते तोंडाने काढलं होतं. माजोला काठी टेकत त्याच्यासमोर आली आणि मुखियासमोर उभं राहतात तशी मान खाली घालून उभी राहिली.

"चूक माझी. मला मान्य आहे. काळी बकरी कापते मी. बिअर आंबत घालते. आपण दोघं एका मडक्यातून पिऊ, हात धुऊ."

"नको, आई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसवेना. "बकरं कापायचं ते प्रकरण संपल्यावर. हे अजून संपलेलं नाही."

त्याने दोरीवरून शर्ट काढला, घडी घातली आणि आत नेऊन ठेवला.