बाबांचा अर्धा दिवस

फ्रिजवर लावलेल्या कागदावर सहा चौकोन होते. सुट्टी तीन दिवसांची, दिवसाचे अर्धे दोन आणि घरात माणसं पाच. उरलेल्या सहाव्या चौकोनात थोरलीने लाल शाईने लिहून ठेवलं होतं : ‘निकाल’.

नियम सोपे होते. ज्याचा अर्धा दिवस त्याने बेत सांगायचा, बाकीच्यांनी कुरकुर न करता पार पाडायचा. तीन दिवस कुणी दुकानाची पायरी चढायची नाही. पण पाचांतला एक जरी बेत बहुमताने ‘पडेल’ ठरला, तर सोमवारी दुपारी सगळ्यांनी मुकाट्याने मॉलमधल्या महासेलला जायचं. ही शेवटची पुस्ती थोरलीची. वय वर्षं तेरा, पण अटी घालण्यात वकिलालाही पाणी पाजेल अशी.

दुकानबंदी मात्र आईची. गेल्या लांब सुट्टीत सगळे असेच सेलला गेले होते. आजोबांना बुटांच्या विभागात बाकावर बसवलं, “आलोच हं” म्हटलं आणि आलोच म्हणता म्हणता दीड तास गेला. मग ते कुठल्या मजल्यावर होते हेच कुणाला आठवेना. ध्वनिक्षेपकावरून तीनदा पुकारा झाला. आजोबांना ऐकू येत नाही, हे पुकारणाऱ्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं. सापडले तेव्हा त्यांच्या उजव्या पायात कोराकरकरीत नवा बूट होता आणि विक्रेता समोर बसून दुसऱ्या पायाची वाट बघत होता. “तो काहीतरी विचारत होता, मी मान हलवत होतो,” आजोबा म्हणाले. सगळे पोट धरून हसले. आई हसली नाही.

दोन वर्षं आजोबांचं हेच चाललं होतं. उभा जन्म बस चालवलेला माणूस, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा. आता कानातल्या इवल्याशा हाडांनी संप पुकारला होता. यंत्र आणलं, ते कानात शिट्ट्या मारायचं, म्हणून ड्रॉवरमध्ये गेलं. मग आजोबांनी सगळ्यालाच मान हलवायला सुरुवात केली. कागदावरच्या त्यांच्या चौकोनाबद्दल सगळ्यांनी आळीपाळीने घसा फोडून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही कराल ते.” धाकटीने तिथे नुसत्या मिशा काढून ठेवल्या.

शनिवार झकास गेला. सकाळ धाकटीची होती. तिने दिवाणखान्यात चादरींचा तंबू ठोकला आणि सगळ्यांना जेवायला टेबलाखाली बसवलं. दुपार आईची. तिने माळ्यावरच्या जुन्या सायकली खाली काढून धुवायला लावल्या आणि संध्याकाळी तलावाला फेरी मारून आणली. दोन्ही बेत पाच विरुद्ध शून्य मतांनी पास.

रविवारी सकाळच्या चौकोनात लिहिलं होतं : ‘बाबा’.

बाबा पाणीखात्यात होते. जमिनीखालच्या नळांची गळती कानाने शोधायची, हे त्यांचं काम. हातात छातीपर्यंत येणारी पोलादी काठी, तिच्या वरच्या टोकाला लाकडी गोळा. खालचं टोक रस्त्यातल्या झाकणाखालच्या नळाच्या चावीवर टेकवायचं, गोळा कानाला लावायचा आणि खाली पाणी काय बोलतंय ते ऐकायचं. खात्यात त्यांना सगळे ‘कानसेन’ म्हणत. घरी मात्र या कामाला काही भाव नव्हता. पहाटे साडेतीनला जाणारा आणि नऊला येऊन झोपणारा माणूस मुलींना दिसणार कधी? शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात थोरलीने ‘नोकरी’ एवढंच लिहिलं होतं. तो फॉर्म सही करताना बाबांनी पाहिला होता. तो शब्द मनातून जात नव्हता. म्हणून या अर्ध्या दिवसासाठी त्यांनी काठी घरी आणली होती, साहेबांची रीतसर परवानगी घेऊन. सेलला जावं लागलं असतं तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं. आपल्या कामामुळे जावं लागू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

“साडेपाचला निघू,” ते आदल्या दिवशी म्हणाले होते.

“सुट्टीच्या दिवशी? साडेपाचला?” थोरलीने कानातले इअरफोनही काढले नव्हते. “बाबा, तू आत्ताच हरलास.”

निघायला सव्वासात झाले. पुढे बाबा, त्यांच्यामागे खडूचा डबा घेऊन धाकटी, मग आई, मग हळूहळू आजोबा आणि सगळ्यांत शेवटी थोरली, पाय ओढत.

पहिल्या दोन चाव्या गप्प होत्या. तिसरी कोपऱ्यावरच्या बैठ्या घरासमोर होती. बाबांनी लहानसं झाकण उघडलं, काठी टेकवली, डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“आहे! चांगली मोठी आहे. ये, ऐक.”

धाकटीने कान लावला. “साप आहे आत!”

थोरलीनेही लावला, दोन सेकंद. “हं. सूं वाजतंय. मग?”

“मग म्हणजे? दिवसाला दोन टाक्या तरी वाया जात असतील! लाव गं खडू.”

धाकटीने रस्त्यावर ही भलीमोठी निळी फुली मारली. ती मारून होते ना होते तोच बाबांच्या कानातला आवाज खाडकन बंद झाला. गळती अशी बंद होत नसते. बाबांनी डोळे उघडले, तर समोरच्या फाटकातून एक बाई हातात बागेची नळी घेऊन बाहेर येत होत्या.

“काय हो, माझ्या दारात फुली कसली? घर पाडायचंय की काय?”

“नाही... तुम्ही झाडांना पाणी घालत होतात का?”

“मग काय चहा घालणार?”

आई तोंड फिरवून हसली. थोरलीने खिशातून पेन काढलं आणि तळहातावर ‘पडेल’ असं टिपून घेतलं. बाबांचे कान, ज्यांचा खात्यात एवढा बोलबाला, लालभडक झाले. जग झोपलेलं असताना ते बावीस वर्षं काम करत आले होते. एखादा नळ उघडा असू शकतो, आधी विचारून बंद करून घ्यावा, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्रपाळीच्या माणसाने पहिल्यांदा उजेडात काम केलं आणि पहिल्याच फटक्यात तोंडघशी पडला.

“अण्णा, जरा धरा,” असं हातवाऱ्याने सांगून त्यांनी काठी आजोबांकडे दिली आणि फुली पुसायला ओणवे झाले. बाई वरून सूचना देत होत्या : “तिथे राहिलं थोडं. हां, अजून तिकडे.”

आजोबांचे पाय दुखत होते. ते चार पावलं पुढे, बेकरीच्या बंद दारासमोरच्या बुटक्या कठड्यावर बसले. तिथलं झाकण बाबांनी आधीच उघडून ठेवलं होतं. आजोबांनी काठी आत टेकवली, दोन्ही हात गोळ्यावर ठेवले आणि म्हातारी माणसं ठेवतात तशी हातांवर हनुवटी ठेवली. मग हात अवघडले म्हणून काढून घेतले आणि हनुवटी नुसतीच गोळ्यावर टेकली.

ते तसेच बसून राहिले. मग मोठ्याने म्हणाले, “अरे, हे काय वाजतंय?”

कुणाचं लक्ष नव्हतं.

“रेडिएटर फुटलाय कुणाचातरी!” आजोबा ओरडले. “ऐकतंय का कोणी? मला ऐकू येतंय आणि तुम्ही सगळे बहिरे झालात का?”

रस्त्यावर सगळे होते तिथे थबकले. आजोबांनी हनुवटी उचलली, चेहरा पडला. टेकवली, डोळे विस्फारले. उचलली, टेकवली. अगदी दिव्याचं बटण सापडलेल्या लहान मुलासारखं.

“हाडातून,” आई एकदम म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. “दात कोरताना आवाज डोक्यात घुमतो ना, तसं. कान बंद असले तरी जबड्यातून पोचतो. अरे, रोज काठी घेऊन फिरतोस, तुला कधी सुचलं नाही?”

“मला ऐकू येतं,” बाबा म्हणाले.

थोरली मात्र कधीच फाटकापाशी पोचली होती. “काकू, घरातला एकूण एक नळ बंद करा. टाकीचासुद्धा. प्लीज.” मग ती बेकरीच्या वरच्या मजल्याची घंटा वाजवून आली, मग शेजारची. पाच मिनिटांनी धापा टाकत परतली. “झाले सगळे बंद. आता ऐक.”

बाबांनी आजोबांच्या चावीवर काठी टेकवून ऐकलं. सूं आवाज होताच, बारीक, चिवट, न थांबणारा. त्यांनी दुसऱ्या बाजूची चावी ऐकली, परत आले, पावलं मोजली आणि बेकरीच्या पायरीशी थांबले. “इथे.” धाकटीने फुली मारली. ही पुसावी लागली नाही. बाबांनी फोन केला, तासाभरात साहेबांना घेऊन खात्याची गाडी आली, पायरीजवळची फरशी उचलली, तर खाली चिखलाचं पातेलं झालेलं. साहेबांनी विचारलं, “कानसेन, सुट्टीतही?” बाबा म्हणाले, “मी नाही. आमच्या अण्णांनी शोधली.” आजोबा कठड्यावर ताठ बसले होते आणि या वेळी त्यांनी मान हलवली ती कळून.

थोरलीने तळहात थुंकी लावून पुसला.

दुपार तिची होती. तिने सगळ्यांना जुन्या चादरींवर चित्रं रंगवायला बसवलं. आजोबांनी बस रंगवली. पण त्यांचं चित्त काठीत होतं. संध्याकाळी ते फ्रिजजवळ गेले आणि मिशांच्या खाली थरथरत्या अक्षरांत लिहून आले : ‘सगळे. एकेक करून.’

सोमवारी सकाळी ते खुर्चीत बसले, गोळा हनुवटीखाली धरला आणि फर्मान सोडलं, “चला, या.”

धाकटीने काठीचं टोक फडक्यात गुंडाळून स्वतःच्या डोक्यावर टेकवलं आणि एक लांबलचक गाणं म्हटलं. आजोबा म्हणाले, “शब्द बदललेत हिने. मूळ गाणं माझं आहे.” आईने टोक हनुवटीला लावून काहीतरी इतकं हळू सांगितलं की बाकी कुणालाच कळलं नाही. आजोबा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. दोघांनीही शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही.

मग बाबा बसले. काठी टेकवली. काय बोलावं ते सुचेना. नळांचं ऐकण्याची सवय, बोलण्याची कुठली?

आजोबांनी थोडी वाट पाहिली. “लाइन कोरडी आहे वाटतं,” ते म्हणाले.

घर हसून हसून लोळलं. बाबांनी टोक पुन्हा टेकवलं आणि म्हणाले, “अण्णा, मॉलमध्ये तुम्हाला विसरलो. चुकलंच.” आजोबांनी हात हवेत झटकला. “बूट मात्र चांगला होता.”

थोरली कधी आत गेली ते कळलं नाही. आली ती व्हायोलिन घेऊन. दोन वर्षं शिकत होती, दार लावून. तिने बाबांकडे पाहिलं. “धरतोस? लाकडावर टेकव. हलकं, ओरखडा नको.” बाबांनी काठीचं फडकं नीट केलं आणि वाद्याच्या पोटावर टोक असं टेकवलं की चावीवरही कधी इतकं जपून टेकवलं नसेल. तिने गज ओढला.

आजोबांनी डोळे मिटले. पूर्ण वाजवून होईपर्यंत उघडले नाहीत.

“कसं वाटलं?” थोरलीने काठीचं टोक हनुवटीला लावून विचारलं.

“गाडी छान पळते,” आजोबा म्हणाले. “दुसरा गिअर घासतोय.”

थोरलीने तार तपासली. दुसरी तार खरंच उतरली होती. “दोन महिने सर हेच सांगतायत,” ती पुटपुटली आणि खुंटी पिळू लागली.

जेवणं झाल्यावर ती फ्रिजपाशी गेली. ‘निकाल’च्या खाली लाल शाईने लिहिलं : ‘मागची गल्ली. चौदा चाव्या.’

“दुपारी नाही जमत,” बाबा म्हणाले. “लोकांचे नळ चालू असतात.”

“ते बंद करून घेणं माझं काम. तू फक्त ऐक.”

जिन्यात आधीच काठीची टकटक सुरू झाली होती. आजोबा खाली उतरतही होते.