खिंडीतला ड्रॅगन

आमच्या भूतानात वाऱ्यावर लावतात त्या प्रार्थनेच्या पताकांचे लाकडी ठसे मी कोरतो आणि ते कापडावर छापतो माझा मेहुणा नामगे. मधोमध पाठीवर रत्न घेतलेला घोडा, चार कोपऱ्यांत वाघ, हिमसिंह, गरुड आणि ड्रॅगन. या चौघांत सगळ्यात ताकदवान कोण, यावरून आमचं गेली दहा वर्षं वाजतंय.

"माझा गरुड अख्खा नाग गिळतो," मी म्हणालो. "तुझा ड्रॅगन नुसता ढगात गडगडतो."

"दाजी, पारोच्या वरच्या खिंडीत चला. वर्षभर वारा खाऊन कोण टिकलंय ते डोळ्यांनीच बघा."

मी हट्टाने चढलो. गेल्या वर्षीच्या पताकांवर वाघ, सिंह, गरुड पार उडून गेले होते. ड्रॅगन मात्र नखांसकट शाबूत होता. नामगे गालात हसत होता. मी कापड उलटून पाहिलं, तर त्या एकाच कोपऱ्यात शाई पाठीमागेही उतरली होती.

"दुप्पट शाई लावलीस ना रे?"

तो आकाशाकडे बघायला लागला.

तिथे याक चारणाऱ्या देमाआजीलाच मग आम्ही निवाडा मागितला. तिने पताका नीट न्याहाळली.

"शाई उडाली म्हणजे प्रार्थना वाऱ्याबरोबर निघाली, हे पताका छापणाऱ्यांना मी सांगायचं? हे तिघं कधीच कामाला लागले. हा एकटा इथेच बसलाय."

यंदा नामगे ड्रॅगनला जेमतेम शाई लावतोय. माझ्या गरुडाला मात्र भरभरून, अगदी मन लावून.