माझी

घड्याळजी आणि त्यांची बायको रिमोटवर उडणारं विमान जुळवायला बसले की डावं-उजवं हे शब्द घरातून हद्दपार होत. जेवणाच्या टेबलावर मधोमध विमानाचं धड, अलीकडे हे, पलीकडे ती. ह्यांचा डावा हात तो तिचा उजवा. पहिल्याच विमानाला यावरून अशी जुंपली की दोघांनी अबोला धरला. शेवटी तिनंच तोडगा काढला.

"तुमच्याकडचं ते तुमचं, माझ्याकडचं ते माझं. संपला विषय."

तेव्हापासून पंख माझा, चाक तुझं, वायर माझी. "माझा पंख घट्ट बसलाय गं." "मग तुमचाच घासा, माझ्याला हात लावू नका." बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर दोघांना वेड्यात काढलं असतं.

आधीची विमानं हातभर लांबीची. हे मोठं किट मात्र तिनं हट्टानं मागवायला लावलं. रिमोटवरच उडणारं, पण धड टेबलाबाहेर जाणारं आणि पंख दोघांनी मिळून उचलावा असा. "म्हातारपणी एकदा तरी मोठं काहीतरी उडवू या की," ती म्हणाली होती. सगळं कारखान्यातून कापून, चिकटवून, वर लाल प्लॅस्टिक ताणून आलेलं. आपण फक्त जुळवायचं. प्रवासात त्या प्लॅस्टिकला सुरकुत्या पडल्या होत्या. तिनं छोट्या इस्त्रीनं त्या एकेक करून घालवल्या आणि म्हणाली, "बघा, झालं की नाही तरुण? मलाही फिरवा एकदा ही इस्त्री."

मग एका दुपारी भाजी निवडता निवडता तिचं हृदय बंद पडलं. हाक मारायलाही वेळ मिळाला नाही.

लेक म्हणाली, "बाबा, ते किट देऊन टाकू या कुणाला तरी." त्यावर घड्याळजी असे खेकसले की पोरगी रडायला लागली. त्यांना आता दुसरं काहीच नको होतं. तिच्या हातचं ते विमान एकदा आभाळात चढलेलं बघायचं. मग मोडलं तरी चालेल.

शेपटीचं काम तिनं संपवून ठेवलं होतं. शेपटीला दोन बाजूंना दोन हलत्या फळ्या. त्या वर झाल्या की विमान चढतं, खाली झाल्या की नाक खाली घालतं. दोन्हींच्या मोटरी एकमेकींकडे तोंड करून बसवलेल्या, म्हणून रिमोटमध्ये एकीला सुलटा हुकूम लावलेला, दुसरीला उलटा. वायरींची अदलाबदल झाली तर दोन्ही फळ्या सांगाल त्याच्या उलट वागणार. आणि वायरी धडातून पुढं आलेल्या, रिमोटचा हुकूम झेलणाऱ्या डबीच्या दोन खाचांत बसवायच्या, एक ह्यांच्या बाजूला, एक तिच्या; दिसायला जुळ्या बहिणी नुसत्या. एकीवर तिनं चिठ्ठी चिकटवली होती. दुसरीला कशाला, उगाच कागद वाया, हा तिचा खाक्या. चिठ्ठीवर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'माझी'.

घड्याळजींचे डोळे भरून आले. त्यांनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं आणि ती वायर आपल्या बाजूच्या खाचेत बसवली, दुसरी समोरच्या. माझी म्हणजे माझी. जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेल्या माणसाला त्यात काहीच खटकलं नाही.

मैदानावर शेजारचे पेंटर सोबत आले. एरवी उडवण्याआधी बायको शेपटीमागं उभी राहायची. हे रिमोटची दांडी ओढायचे, ती ओरडायची, "वर!" ढकलायचे, "खाली!" आवाज असा खणखणीत की मैदानातली कुत्री उठून बसायची.

"मी उभा राहतो मागं," पेंटर म्हणाले.

"नको."

"अहो, वर-खाली एवढंच तर सांगायचंय."

"त्या जागी कुणी उभं राहायचं नाही, पेंटर."

त्यांनी दांडी ओढली. डोळ्यांतल्या पाण्याआडून दोन्ही फळ्या एकदम हलल्याचं दिसलं, तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

विमान काय डौलात धावलं! वेग आला तशी त्यांनी दांडी आपल्याकडे ओढली. "चल, आता वर," ते पुटपुटले. विमानानं नाक जमिनीत खुपसलं आणि कोलांटी खाल्ली. पंख मुळापासून उखडला.

पेंटर धावले. घड्याळजी चालत गेले. शेपटी तेवढी शाबूत होती. धडाचं झाकण उडून आतल्या डबीच्या खाचा उघड्या पडल्या होत्या, चिठ्ठी जागच्या जागी होती. त्यांनी शेपटीमागं गुडघे टेकून पुन्हा दांडी ओढली. दोन्ही फळ्या निमूटपणे खाली गेल्या.

"खाली," ते म्हणाले.

मग त्यांनी चिठ्ठी परत वाचली. अक्षर तिचं. लिहिणारी ती. म्हणजे वायर तिच्या बाजूची. इतकी साधी गोष्ट. ती असती तर मागून एका शब्दात चूक सांगितली असती आणि पुढं वर्षभर त्यावरून चिडवलं असतं.

पेंटर तुकडे गोळा करत चिठ्ठीच्या वायरीपाशी आले. "ही डावीकडची ना हो?"

घड्याळजी ढसाढसा रडत होते.

"तिची आहे ती," ते म्हणाले. "तिची होती, पेंटर. मी माझी समजून बसलो."