वंटमुरीच्या घाटातलं एरंडेल

मी एका जुन्या लॉरीचा गिअरबॉक्स आहे. बिडाच्या पेटीत दातेरी चाकं बसवून मला विलायतेत तयार केलं आणि १९३६ साली मी बेळगावात आलो. निपाणीची तंबाखू बेळगावला आणायची, हे आमच्या लॉरीचं काम.

मित्रांनो, माझ्या पोटात तेल असतं. खालची चाकं त्यात बुडून फिरतात, दातांत तेल उचलतात आणि वर उडवतात. ते वरच्या चाकांवर पडतं, बेअरिंगांत झिरपतं आणि माझ्या भिंतींवरून ओघळत पुन्हा तळाशी येतं. असं तेल फिरत असतं, तोवरच लोखंड लोखंडाला खात नाही.

आमचा ड्रायव्हर यल्लाप्पा हे जाणून होता. "यल्लाप्पाची गाडी कधी थांबत न्हाय," असं मालक कौतुकानं सांगायचा. पण १९४४ च्या त्या हंगामात माझ्या तळाचं बूच ढिलं झालं. थेंब थेंब तेल गळू लागलं. "उद्या आवळू," असं यल्लाप्पा आठवडाभर म्हणत राहिला.

एके सकाळी संकेश्वरजवळ एक बाई रस्त्यात आडवी उभी राहिली. तिचं नाव मालुबाई. तिच्या नवऱ्याचा, सिद्रामचा, हात गुऱ्हाळाच्या चरकात सापडला होता. तिनं तो लुगड्याच्या पदरात बांधला होता.

"अण्णा, बेळगावच्या दवाखान्यात न्या! रगत थांबंना!"

यल्लाप्पानं दोघांना शेजारी बसवलं आणि लॉरी सुसाट सोडली. खड्ड्यांच्या दणक्यांनी माझं बूच गळून पडलं. हत्तरगी गाव मागं पडलं तेव्हा माझ्या पोटात तेल उरलं नव्हतं. वरची बेअरिंगं भाजू लागली. मी आधी कण्हलो, मग किंचाळलो.

वंटमुरीच्या घाटाच्या पायथ्याशी यल्लाप्पानं लॉरी थांबवली, खाली शिरून पाहिलं आणि तो पांढरा पडला. "आता न्हाय जमायचं. दात तुटलं तर लॉरी घाटातनं मागं घसरंल."

तेवढ्यात मागून पाच बैलगाड्या आल्या. प्रत्येकीखाली चाकांच्या वंगणासाठी एरंडेलाचं बांबूचं नळकांडं लटकत होतं. यल्लाप्पानं हात जोडून ते मागितलं.

पहिल्या गाडीवरचा भावकू उसळला. "परवा ह्याच मोटारीनं माझी गाडी चरीत घातली. आणि आता तेल माझं पायजे व्हय?"

"चुकलो, आण्णा. बूच आवळलं न्हाय ती चूक बी माझीच. पर त्या माणसाला न्ह्यायचं हाय."

"बैलगाडीनं न्यायला सांज हुईल, दादा," मालुबाई कशीबशी म्हणाली.

भावकूनं लॉरीत डोकावून सिद्रामचा चेहरा पाहिला. मग मागं वळून ओरडला, "आणा रं एरंडेल सगळ्यांनी!"

त्यानंच बाभळीची खुंटी तासली, चिंधी गुंडाळून माझ्या बुचाच्या भोकात ठोकली. पाचही नळकांडी रिती झाली तरी माझं पोट अर्धंच भरलं.

चढ लागला. तिरक्या लॉरीत सगळं तेल माझ्या मागच्या बाजूला सरकलं आणि पुढचं बेअरिंग कोरडं पडलं. म्हणून सपाट जागा दिसली की यल्लाप्पा थांबायचा.

"आता का थांबलासा?" मालुबाई रडकुंडीला आली.

"तेल पुढं येऊ दे, आक्का. न्हायतर सगळीच हितं ऱ्हाऊ."

तिसऱ्या थांब्याला तिनं सिद्रामला हाक मारली. तो बोलला नाही. त्याची मान तिच्या खांद्यावर कलंडली होती. तेवढ्यात माझा एक दात कडकन तुटला. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून यल्लाप्पा माझी थरथर ऐकत राहिला आणि हळू, अगदी हळू, आम्ही माथ्यावर पोचलो. तेल पुन्हा पोटभर पसरलं.

दवाखान्यात सिद्रामची दोन बोटं गेली, पण जीव वाचला.

चार दिवसांनी, माझी दुरुस्ती होताच, यल्लाप्पा पाच नळकांडी एरंडेल घेऊन घाटात भावकूची वाट पाहत बसला. भावकूनं ती घेतली, गाडीखाली बांधली आणि म्हणाला, "परत मागाय येऊ नगंस. बूच बघत जा."

त्यानंतर यल्लाप्पा रोज सकाळी गाडीखाली वाकू लागला. आता १९४७ साल आहे; लॉरी जुनी होऊन मोडीत निघाली आणि मी बेळगावच्या खासबागेतल्या एका शेडमध्ये पडून आहे. मित्रांनो, मी किंचाळलो तेव्हा सगळ्यांनी ऐकलं, पण तोवर सगळं तेल गळून गेलं होतं. जे मुकाट्यानं तुमच्यासाठी राबतं, ते गप्प असतानाच एकदा वाकून बघा.